चातुर्मासाचा नेम: अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी आठ, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून

माळरान

आषाढी एकादशी तोंडावर आली. चातुर्मासात कुणी एकभुक्त राहतं, कुणी पोथी लावतं, कुणी कांदा-लसूण-वांगं सोडतं. यंदा ज्यांना लक्ष देण्याचाच नेम धरायचा आहे त्यांच्यासाठी हा धागा.

आधार भागवताच्या अकराव्या स्कंधाचा. सातव्या ते नवव्या अध्यायात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरेने तो अवधूत म्हणजे दत्तात्रेय. मराठीत हा भाग घरोघरी पोचवला एकनाथांनी; या स्कंधावरची त्यांची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. चोवीसांत माणसं पाचच आहेत: मध गोळा करून नेणारा, पिंगळा नावाची गणिका, लहान मूल, कुमारी आणि बाण तयार करणारा कारागीर. उरलेले एकोणीस म्हणजे पृथ्वी, वारा, पाणी, चंद्र, सूर्य, पाखरं, किडे, जनावरं.

आपण ही यादी बोधासकट पाठ करतो. पृथ्वीकडून क्षमा, अजगराकडून संतोष, मधमाशीकडून थोडं थोडं घेणं. त्यामुळे होतं काय, की मधमाशी दिसायच्या आधीच बोध हजर असतो आणि मग मधमाशीकडे बघायची गरजच उरत नाही. या नेमात क्रम उलटा आहे. आधी जीव पाहायचा, दोन आठवडे, रोज. अध्याय त्या दोन आठवड्यांच्या शेवटी वाचायचा.

एकादशी ते एकादशी साधारण ११८ दिवस होतात. आठ गुरू, प्रत्येकी चौदा दिवस, म्हणजे ११२. उरलेले सहा दिवस पावसाने खाल्लेल्या दिवसांसाठी राखीव. क्रम ऋतू बघून लावला आहे:

आषाढ शुद्ध ११ पासून वारा, मग पतंग (यात दिव्यांची अवस येते, पतंगांना अंधारी रात्रच हवी), श्रावणात होला, श्रावण वद्य अष्टमीच्या आसपास कुंभारीण (मातीचं घर बांधणारी माशी, पोथीतला भृंग), भाद्रपदात गौरी-गणपतीपासून कोळी, पितृपक्षापासून मधमाशी, आश्विनात चंद्र (कोजागरी मधोमध येते), शेवटी कार्तिकी एकादशीपर्यंत घार.

रोजची बैठक वीस मिनिटांची. पहिली पंधरा मिनिटं वही बंद. शेवटची पाच लिहिण्यासाठी. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: पाहिलं, वाटलं, प्रश्न. "होल्याने मान तीनदा खाली-वर केली" हे पहिल्या रकान्यात. "होला चिडला" हे दुसऱ्यात. सगळी मेहनत या दोन रकान्यांत गल्लत न होऊ देण्याची आहे. सुंदर, शांत, बिचारा, मस्त हे शब्द पहिल्या रकान्यात येऊ द्यायचे नाहीत. वर तारीख, तिथी, वेळ, ढग, वारा.

मन भटकल्याचं लक्षात आलं की समासात एक बारीक रेघ मारायची आणि परत पाहायला लागायचं. वही बंद असताना एवढ्यासाठी पेन्सिल हातात ठेवली तरी चालेल. पहिल्या आठवड्यात रेघा वाढत जातात. याने पुष्कळजण खचतात आणि सोडून देतात. खरं तर रेघा वाढतात कारण भटकणं आता लवकर कळायला लागलेलं असतं. आधी दहा मिनिटांनी कळत होतं, आता एका मिनिटात कळतं.

---

पागोळी

बैठकीच्या जागेबद्दल लिहिते, कारण नेम तुटतो तो बहुतेकदा इथे.

जागा घरापासून पाच मिनिटांच्या आत हवी. किल्ल्यावर, देवराईत, धरणावर रोज जाणं होत नाही. सोसायटीचा कोपरा, गच्ची, शाळेमागचं पटांगण, शेताचा बांध, काहीही चालतं. पाठीला झाड किंवा भिंत असावी, म्हणजे मागून कुणी येतंय का ही धाकधूक राहत नाही. पावसाळ्यात बसायला गोणपाट आणि वर प्लास्टिकचा तुकडा. तोंडावर ऊन येणार नाही अशी दिशा.

निवड करता येत असेल तर उंबर धरा. दत्ताचं झाड म्हणून तर आहेच, पण उंबराखाली कधी ओकंबोकं नसतं. वर्षातून अनेकदा फळतो, फळं खोडालाच लगडतात, त्यामुळे तांबट, बुलबुल, कोकीळ, हरियाल यांची ये-जा नजरेच्या टप्प्यात होते. रात्री वटवाघळं. एक कच्चं उंबर ब्लेडने उभं कापून भिंगाखाली धरा. आतल्या बाजूला शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली दिसतील. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण "उंबराचं फूल" म्हणतो. ते फूल या पोकळीत असतं. पिकत आलेल्या फळात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे किडे हलताना दिसतील. त्यांच्यावाचून उंबरात बी धरत नाही.

जाऊन बसल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. आपण आल्यामुळे खार चिरकून गेलेली असते, सातभाई पलीकडच्या झुडपात सरकलेले असतात. ते परत कामाला लागायला तेवढा वेळ जातो. म्हणून दहा मिनिटांची बैठक उपयोगाची नाही. नेमकं सुरू होतं तेव्हाच आपण उठतो.

फोन विमान मोडवर टाकून पिशवीत. वेळेसाठी स्वयंपाकघरातला टायमर आणा. आवाजावरून पक्षी ओळखून देणारी ॲप चांगली आहेत, पण बैठकीत नकोत. नाव कळलं की बघणं थांबतं. आधी शब्दांत आवाज लिहा, घरी जाऊन नाव शोधा. आपल्याकडे पावशाचा आवाज "पेर्ते व्हा" असा कानावर धरलेला आहे, तो असाच कुणीतरी आधी नीट ऐकल्यामुळे.

---

कृष्णाकाठ

विषय चांगला आहे, पण मूळ हेतूला धक्का लागतोय असं वाटतं. अवधूत काही कीटकशास्त्र सांगत नव्हता. कोळी हे ईश्वराचं रूपक आहे: स्वतःतून विश्व काढतो आणि स्वतःत परत घेतो. भृंगाचं उदाहरण ध्यानाचं आहे. ज्याचं ध्यान लागतं त्याचं रूप प्राप्त होतं. तुम्ही भिंग घेऊन बसलात तर रूपक निसटेल आणि हातात नुसता किडा राहील. दुसरं, लक्ष आत वळवायचं की बाहेर? इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेत दहा दिवस श्वासावर आणि शरीरावरच्या संवेदनांवर लक्ष ठेवतात, डोळे मिटून. ते सोडून बाहेर बघत बसण्यात साधना कुठली?

---

माळरान

कृष्णाकाठ, हेतूबद्दलचा मुद्दा मान्य आहे, पण रूपक निसटत नाही. कोळ्याचं रूपक ज्याने पहिल्यांदा बांधलं त्याने कोळी जाळं गिळताना पाहिलेला असला पाहिजे. घरातल्या कोपऱ्यातली जळमटं बघून ते कुणाला सुचणार नाही, कारण जळमटं तशीच लोंबत राहतात. जाळं रोज गिळणारे कोळी वेगळे, आणि ते दिसतात पहाटे. म्हणजे पाहणं आधी झालं, रूपक नंतर. आपल्या वाट्याला रूपक आयतं आलं आणि पाहणं राहून गेलं, एवढंच भरून काढायचं आहे.

आत की बाहेर, याचं उत्तर चोवीसांतच आहे. बैठकीच्या सुरुवातीला तीन छोटे सराव ठेवले आहेत, तिन्ही अवधूताकडूनच घेतलेले.

कांकणं उतरवणं. कुमारी एकटीच घरात भात कांडत असते, बाहेर पाहुणे बसलेले. हातातली कांकणं वाजतात म्हणून ती एकेक उतरवत जाते. दोन राहिली तरी वाजतात, एक राहिल्यावर आवाज थांबतो. डोळे मिटून ऐकू येणारे सगळे आवाज मनात मोजा. मग सर्वांत मोठा आवाज बाजूला ठेवा, म्हणजे तो येऊ दे पण त्याच्यामागे जायचं नाही. मग त्याखालचा. असं करत शेवटी सर्वांत बारीक आवाज उरेल त्यावर दोन मिनिटं. शहरात हा क्रम बहुधा वाहनं, पाण्याची मोटर, कुकर, पंखा, आणि मग एखादा रातकिडा असा उतरतो. चूक होते ती आवाज दाबायला जाण्यात. दाबलेला आवाज जास्तच टोचतो.

आकाश. दोन्ही हात समोर सरळ, अंगठे वर. नजर समोरच्या एका फांदीवर. अंगठे हलवत हात हळूहळू बाजूला न्या, डोळे न वळवता. अंगठ्यांची हालचाल जिथपर्यंत जाणवते तिथे थांबा. हात खाली घ्या, पण तेवढं सगळं एकदम दिसू द्या. डोळ्याच्या मध्याला बारकावा दिसतो, कडेला हालचाल लवकर टिपली जाते. पक्षी आधी असा कडेने सापडतो. मान ताठ होत असेल किंवा डोळ्यांत पाणी येत असेल तर तुम्ही बघण्याऐवजी डोळे ताणताय. पापण्या मिटा, परत करा.

बाण. बाण सरळ करण्यात गढलेल्या कारागिराला शेजारून राजा गेलेला कळला नाही. आकाशाच्या उलट. एक पान, एक मुंगी, एक गाठ निवडा आणि दोन मिनिटं तिथेच.

तिन्ही मिळून पाच-सहा मिनिटं. नंतर त्या पंधरवड्याचा गुरू. ज्यांची विपश्यनेची बैठक आहे त्यांनी ती सोडायचं काहीच कारण नाही. ही डोळे उघडे ठेवून करायची, दुसऱ्या वेळी.

---

घाटमाथा_४१२

वाऱ्याचा पंधरवडा सगळ्यांत अवघड जातो, कारण दिसायला काही नसतं. म्हणून मोजायला लावा. वाऱ्याच्या वेगाची बोफर्टची मोजणी पानांवरून करता येते, यंत्र लागत नाही:

पानं नुसती सळसळतात, तोंडाला वारा जाणवतो: ताशी ६ ते ११ किलोमीटर.
पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात: १२ ते १९.
धूळ, कागद उडतात, छोट्या फांद्या हलतात: २० ते २८.

एक पिंपळ आणि एक वड एकाच वेळी दिसेल अशी जागा मिळाली तर उत्तमच. पिंपळाचं देठ लांब आणि लवचिक, पान रुंद. वडाचं देठ आखूड, जाड, पान चामड्यासारखं. ज्या वाऱ्यात वड ढिम्म असतो त्यात पिंपळ थरथरत असतो. पंधरा मिनिटांत पिंपळ किती वेळा पूर्ण थांबला ते मोजा. तो आकडा काढायचा तर लक्ष सोडताच येत नाही. पावसाच्या सरीआधी वाऱ्याची दिशा कशी बदलते तेही नोंदवा. दिशेसाठी ओलं बोट किंवा देवळावरचं निशाण.

---

अष्टपाद

कोळ्यावर जरा सविस्तर लिहितो. आठांत सर्वांत जास्त देणारा पंधरवडा हाच आहे आणि तयारी नसेल तर हातचा जातो.

आधी कुठला कोळी ते बघा. दिवसा जाळ्याच्या मध्ये डोकं खाली करून, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखा बसलेला, जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी असलेला कोळी दिसतो, तो बघायला सोपा. पण अवधूताचा कोळी म्हणून आपल्याला हवा तो संध्याकाळी विणणारा आणि पहाटे गिळणारा. तपकिरी, केसाळ, नखाएवढा. दिवसभर मुडपलेल्या पानात किंवा खिडकीच्या गजामागे दडून असतो. भाद्रपदात कुंपणाची मेंदी, जास्वंद, जिन्यातला दिवा या ठिकाणी हमखास. दिवसा जाऊन एकच आडवा धागा ताणलेला दिसतोय का बघा. तिथेच रात्री जाळं होणार.

सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांत हजर राहा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी बांधा. उजेड समोरून न मारता बाजूने, आणि जाळ्यामागे काळोख येईल असे बसा, नाहीतर धागा दिसत नाही. अंतर हातभर. यापेक्षा जवळ गेलात तर तुमच्या श्वासाने जाळं हलतं आणि कोळी काम थांबवतो. नाकावर रुमाल बांधला तर बरं.

काम असं चालतं. पहिला धागा तो वाऱ्यावर सोडतो. पलीकडे कुठे अडकला की ताणून घट्ट करतो. त्या धाग्यावरून मध्यापर्यंत जाऊन दुसरा धागा घेऊन खाली उतरतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. त्या वायचा मध्य तोच पुढे जाळ्याचा मध्य. मग चौकट. मग आरे, बैलगाडीच्या चाकासारखे. आरे एका बाजूने ओळीने घालत नाही, इकडे एक, तिकडे एक घालतो, म्हणजे ताण सगळीकडे सारखा राहतो. हे बघताना प्रत्येक नवा आरा कुठे पडला ते वहीत न लिहिता लक्षात ठेवायचा प्रयत्न करा. पाच-सहापर्यंत जमतं, पुढे घसरतं. दोन आठवड्यांत आकडा वाढतो.

आरे झाले की मध्यातून बाहेर जाणारी चार-सहा विरळ वळणं घालतो. ही कोरडी असतात, पाय ठेवायला पायाडासारखी. मग बाहेरच्या कडेपासून आत येत चिकट धाग्याची दाट वळणं. आत येताना आधीची कोरडी वळणं कापत येतो.

सगळ्यांचं लक्ष तुटतं ते इथे. अर्धा तास तेच तेच चाललेलं दिसतं आणि मन घरी जातं. इथे पूर्ण कोळ्याकडे बघू नका. फक्त मागचा पाय बघा. पुढच्या पायाने तो आधीचं वळण चाचपतो, मागच्या पायाने धागा ओढून आऱ्यावर आणतो, पोटाचं टोक टेकवतो, धागा चिकटतो, पाय सुटतो. चाचपणं, ओढणं, टेकवणं, सोडणं. प्रत्येक आऱ्यावर हेच, आणि दोन वळणांतलं अंतर जवळपास सारखं येतं, कारण मोजपट्टी त्याच्या स्वतःच्या पायाचीच असते. एखादा आरा ढिला निघाला तर टेकवायला क्षणभर जास्त लागतो. तो क्षणभर तुम्हाला दिसला की समजा, डोळे बसले.

मूळ श्लोकात कोळी धागा तोंडातून काढतो असं आहे. तुमच्या वहीत "पाहिलं" च्या रकान्यात काय येतं ते बघा: धागा पोटाच्या मागच्या टोकाला असलेल्या सूतग्रंथींतून निघतो. पण गिळणं तोंडानेच, ते बरोबर. त्यासाठी एकदा तरी पहाटे साडेचारला उठावं लागेल. जाळं गुंडाळत गुंडाळत तोंडाशी नेतो, बऱ्याचदा वरचा आडवा धागा तेवढा ठेवतो. गिळलेलं रेशीम पचून पुढच्या जाळ्याच्या रेशमात परत येतं. रूपक इथे जसंच्या तसं उभं आहे, कृष्णाकाठ.

काय चुकतं: पांढरा झगझगीत उजेड (कोळी दडतो), जाळ्यावर पाण्याची फवारणी (फोटो येतो, जाळं निकामी होतं), आणि किडा पकडून जाळ्यात टाकणं. तिसरं तर करूच नका. आपण बघायला बसलोय.

---

दहावा_मजला

सदनिकेत राहणाऱ्यांनी काय करायचं? गच्चीला कुलूप, खाली गाड्या. शिवाय आठ-दहा वर्षांच्या मुलांना सोबत घ्यायचं तर वीस मिनिटं अशक्य.

---

पागोळी

खिडकी पुरते. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. तीही खिडकीच होती.

दहाव्या मजल्यावरून आठांपैकी वारा, चंद्र, घार तर खालच्या लोकांपेक्षा चांगले दिसतात. घार बरेचदा डोळ्यांच्या पातळीवर किंवा खाली दिसते, पाठीवरून. खिडकीत तुळशीची कुंडी ठेवा, मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्या तिथवर येतात. कुंभारणीला खिडकीची चौकट आवडतेच. ग्रिलमध्ये होल्याचं घरटं होण्याची शक्यताही बरीच. फक्त पारव्यांना दाणे टाकून गोळा करू नका. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांना अपाय करते.

मुलांसाठी: वयाइतकी मिनिटं. आठ वर्षांचं मूल, आठ मिनिटं. लिहायला लावू नका, चित्र काढू द्या, आणि चित्राखाली एकच प्रश्न. "याच्याकडून काय शिकलास?" हे चुकूनही विचारू नका. मूल लगेच तुम्हाला हवं ते उत्तर देतं आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तरच शोधत बसतं. "काल नव्हतं असं आज काय होतं?" हे विचारा.

---

घाटमाथा_४१२

होल्याचं थोडक्यात. ठिपक्यांच्या होल्याचं घरटं म्हणजे चार काटक्या, खालून अंडी दिसतील इतकं विरळ. अंडी बहुधा दोन. घरटं सापडलं तर पाच मीटरच्या आत जायचं नाही, पडद्याआडून बघायचं. घरटं नसेल तर जमिनीवर टिपणारी जोडी बघा. नराचं मान लववत केलेलं नमन, चालताना डोकं पुढे जाऊन थांबणं आणि अंग मागून येणं. डोकं नेमकं किती वेळ स्थिर राहतं ते पकडणं हाच दोन आठवड्यांचा अभ्यास.

---

दीपशलाका

पतंगांसाठी लागणारं सामान: पांढरी जुनी चादर, दोन मीटर रुंद असली तर उत्तम, दोन खुंट्या किंवा कपडे वाळत घालायची दोरी, एक दिवा. चादर घट्ट ताणा, खालचा एक हात जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच किडे खालीच बसतात. दिवा चादरीपासून अर्ध्या हातावर. रात्री आठ ते नऊ. तासाभराने दिवा बंद करायचाच. रात्रभर ठेवलात तर दमून पडतात, आणि सकाळी दयाळ-बुलबुल चादरीवरच नाश्ता करतात. बंद केल्यावर चादर हलकेच झटकून झुडपाजवळ ठेवा.

पौर्णिमेच्या जवळ पतंग कमी येतात, म्हणून आषाढी अमावस्येचे मागचे-पुढचे दिवस धरले ते योग्यच आहे. हलका पाऊस चालतो, जोराचा वारा चालत नाही.

पोथीत पतंग रूपाच्या मोहाने जळतो. बैठकीत एकच पतंग निवडा आणि त्याची पाठ कुठे आहे तेवढंच बघा. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी केलेलं काम आलं आहे. उडणारे किडे उजेडाकडे पाठ वळवतात. आकाश नेहमी वर आणि उजळ, म्हणून उजेडाकडे पाठ म्हणजे सरळ उडणं. दिवा बाजूला आला की ते तिरपे होतात, घिरट्या घालतात. दिव्याच्या वर गेले तर उलटे होऊन कोसळतात. नुसत्या डोळ्यांना सगळं दिसत नाही, पण दिव्यावरून जाणारा किडा उलटा होऊन पडणं तासाभरात चार-पाच वेळा तरी दिसतं. दिवा खाली, जमिनीलगत, तोंड वर करून ठेवला तर आणखी स्पष्ट. एकदा हे पाहिलं की जिन्यातला रात्रभर जळणारा दिवा वेगळाच दिसायला लागतो. शक्य तिथे वरून झाकण असलेला, खालीच उजेड टाकणारा, पिवळसर दिवा लावायला सांगा.

---

अष्टपाद

आता कुंभारीण, कारण कृष्णाकाठांनी भृंगाचा मुद्दा काढला आहे.

गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की ओल्या मातीच्या कडेला ही दिसते. काळी-पिवळी, कंबर दोऱ्यासारखी. तोंडाने मातीची गोळी वळते, घेऊन उडते. मागे धावू नका. खिडकीच्या चौकटी, विजेच्या पेट्या, दाराची कुलपाची भोकं तपासा, कुठेतरी ओली माती सापडेल. तिथे दोन हातांवर बसा. ही उगाच डंख करत नाही, घरट्याला हात लावला तर करते. गांधीलमाशीचं कागदी पोळं असेल तर मात्र तिथे बसायचं नाही.

दोन प्रकार आहेत. एक लहान गाडग्यासारखं घर करते, नरसाळ्यासारखा गळाही काढते. ती आत अळ्या भरते. दुसरी लांबट नळ्या एकापुढे एक रचते. ती कोळी भरते. नळीवाली माती लावताना बारीक गुणगुणते. कंप देऊन माती बसवत असते. आवाज सुरू, आवाज बंद, याच्या नोंदी ठेवा. एका खेपेला किती वेळ, किती गोळ्यांत एक नळी पुरी होते, हेही.

जुनी समजूत अशी: भृंग कीटकाला आणून कोंडतो, भयाने कीटक त्याचंच ध्यान करतो आणि भृंग होऊन बाहेर पडतो. वहीच्या रकान्यांत हे घालून बघा. अळी आत गेली: पाहिलं. भोक बुजवलं: पाहिलं. काही दिवसांनी माशी बाहेर आली: पाहिलं. तिन्ही नोंदी खऱ्या. मधलं, म्हणजे अळीचीच माशी झाली, हे कुणी पाहिलेलं नाही, ते जोडलेलं. आत माशीचं अंडं असतं. अळी डंखाने लुळी केलेली, जिवंत, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती खाऊन मोठं होतं. बाहेर पडायचं भोक पडलेलं जुनं घर मिळालं तर (आणि तसं असेल तरच) फोडून बघा. नळीत कोळ्यांचे वाळलेले पाय सापडतात.

ज्यांनी ही उपमा केली त्यांची नजर पक्की होती. दारावरच्या मातीच्या गोळ्याकडे दिवसचे दिवस लक्ष ठेवल्याशिवाय या तीन नोंदी होत नाहीत.

---

कृष्णाकाठ

हे वाचून मत बदललं. ध्यानाचा बोध माझ्यासाठी तसाच राहतो, पण तीन रकाने मी नाथांची ओवी वाचतानाही वापरीन. एक दुरुस्ती सुचवतो. मराठीत काही याद्यांमध्ये "कुरर" म्हणजे टिटवी असं देतात. घार कशी घेतलीत?

---

माळरान

पाहिल्यावरून. कथेत कुररच्या तोंडात मांस आहे, बाकीचे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात, तो मांस टाकतो आणि सुटतो. टिटवी जमिनीवर किडे टिपते. मांसाचा तुकडा घेऊन उडत नाही. कुररचा अर्थ संस्कृतात मासे पकडणारा ऑस्प्रे असाही घेतात. तो आपल्याकडे हिवाळी पाहुणा, खाड्यांवर आणि मोठ्या धरणांवर, मासा तोंड पुढे करून पंज्यात धरलेला. ज्यांना जवळ असेल त्यांनी तोच बघावा. बाकीच्यांना घार. मासळी बाजार, कत्तलखान्याचा परिसर, बंदर, कुठेही. घार उडता उडता पंजा तोंडाशी नेऊन खाते. खाणं घेतलेली एक घार धरा आणि दहा मिनिटं तिलाच नजरेत ठेवा, कितीही दुसऱ्या आडव्या आल्या तरी. कावळे कितीजण मागे लागले, तिने टाकलं का, टाकल्यावर पाठलाग किती सेकंदांत सुटला, टाकलेलं कुणी उचललं. दुर्बीण नको, नजर एका वर्तुळात अडकते.

मधमाशीचं राहिलं होतं. सकाळी आठ ते दहा, ऊन असताना. तुळस, तेरडा, कारळ्याचं शेत. सातेरी किंवा फुलोरी माशी. आग्या मोहोळाच्या आसपास अजिबात नाही, आणि अत्तर लावून जायचं नाही. एक माशी धरून मिनिटात किती फुलं केली ते मोजा, हरवली की दुसरी. एका खेपेत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, शेजारी दुसरी फुलं असली तरी. मागच्या पायावर परागाची गोळी असेल तर तिचा रंग लिहा आणि तो कुठल्या फुलाचा ते शोधून काढा. माधुकरी हा शब्द मधुकरावरूनच आला. प्रत्येक फुलावर ती किती सेकंद थांबते ते मोजलंत की त्या शब्दातलं प्रमाण कळेल.

---

घाटमाथा_४१२

चंद्राचं एवढंच: रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, समजा सात वाजता, एकाच जागेवरून. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश मोजते. कालच्या जागेपासून आज चंद्र पूर्वेकडे मुठीपेक्षा थोडा जास्त सरकलेला दिसेल. खुणेसाठी एखादी इमारत किंवा माड. कोजागरीनंतर एक-दोन दिवसांनी सातला तो उगवलेलाच नसेल. मग उगवण्याची वेळ लिहा, रोज सरासरी पाऊण तास ते तासभर उशीर होत जातो.

---

दहावा_मजला

आणि ढग असले तर?

---

घाटमाथा_४१२

ढग असले तरी ठरल्या वेळी बसायचं. ढगाचा कुठला भाग जास्त उजळ आहे ते बघा आणि चंद्र तिथे असावा असं "वाटलं" च्या रकान्यात लिहा. ढग फाटला आणि दिसला तर "पाहिलं" मध्ये. दोन नोंदींतलं अंतर मुठीने मोजून ठेवा.